लावणीचा भाव निडव्याला द्यावा का?

गेल्या अंकात एक छोटी बातमी होती. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाने काइल श्वार्बर या आपल्याच फटकेबाजाला पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलर देऊन डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा करारबद्ध केलं. त्या चार ओळींवर खानापूरपासून अथणीपर्यंत पत्रं आली. बेसबॉलला आपल्याकडे इतके वाचक असतील असं वाटलं नव्हतं. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

माझा पुतण्या फिलाडेल्फियाजवळ राहतो. तो म्हणतो, असा हुकमी माणूस सोडणं म्हणजे वेडेपणा. मी म्हणतो, तेहतिशीतल्या माणसाला पाच वर्षं बांधून घेणं हाच वेडेपणा. फोनवर रोज वाद. कोण बरोबर? – निवृत्त शिक्षक, खानापूर

सर, दोघेही बरोबर आहात, पण वेगवेगळ्या वर्षांपुरते. पुतण्या २०२६ आणि २०२७ बद्दल बोलतोय, तुम्ही २०३० बद्दल.

श्वार्बरचा जन्म ५ मार्च १९९३ चा. करार २०२६ ते २०३० या हंगामांचा, म्हणजे फिलीजने त्याचा ३३ ते ३७ या वयातला खेळ विकत घेतला आहे. आधीचा करार चार वर्षांचा आणि ७.९ कोटी डॉलरचा होता. त्या चार हंगामांत त्याने ४६, ४७, ३८ आणि ५६ असे मिळून १८७ होम रन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) मारले. २०२५ मध्ये तर सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला आणि १३२ धावा आणून दिल्या. एवढं पीक डोळ्यांसमोर उभं असलं की मालकाचा हात सैल सुटतोच.

आता उसाचं बघा. लावणीला एकरी साठ टन पडला म्हणून निडव्यालाही साठच धरून कोणी सोसायटीचं कर्ज उचलत नाही. खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून आलेल्या पिकाला) टनेज घटतं, त्याच्या पुढच्या निडव्याला आणखी घटतं आणि एका वर्षी रान मोडावंच लागतं. बेसबॉलच्या फटकेबाजाची लावण साधारण २६ ते २९ या वयात असते. ३० ते ३२ हा खोडवा समजा, ३३ नंतर निडवा. शेतकरी निदान खोडकी काढून टाकू शकतो. मेजर लीगमधल्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या, कराराचा पैसा मात्र हमीचा असतो. खेळाडूला संघातून काढलं तरी उरलेल्या वर्षांचा पगार द्यावाच लागतो.

आमच्या मते त्याला परत घेणं योग्यच आहे, मात्र पाच वर्षं ही अगदी वरची हद्द झाली. तीन वर्षांत जमलं असतं तर बरं होतं. पण फिलीजची एक अडचण समजून घ्या. ब्राइस हार्पर १९९२ चा, ट्रे टर्नर १९९३ चा, पिचर (चेंडू टाकणारा) झॅक व्हीलर १९९० चा. सगळं घर एकाच वयाचं. अशा संघाला जिंकायचं तर येत्या दोन-तीन वर्षांतच. शेवटची दोन वर्षं वाया गेली तरी चालेल, पण २०२६ हातचं जाऊ नये, असा हिशेब त्यांनी घातलेला दिसतो. तरुण खेळाडूंवर उभ्या असलेल्या, अजून तीन वर्षांनी फळाला येणाऱ्या संघाने हाच करार केला असता तर आम्ही तुमच्या बाजूने उभे राहिलो असतो.

आमच्या तालमीत चाळिशीतला पैलवानही पोरांना भारी पडतो. मग बेसबॉलवाला तेहतिसाव्या वर्षीच कसा उतरतो? ताकद तर तशीच असते की. – बी.पी.एड.चा विद्यार्थी, निपाणी

ताकद राहते, वेळ जातो. कुस्तीत अनुभवाने डाव लांबवता येतो, समोरच्याला दमवता येतं. इथे समोरचा थांबत नाही.

पिचरची पट्टी आणि होम प्लेट (फलंदाजाची जागा) यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असतं. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातले साधारण ०.१५ सेकंद जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि जागा हेरायची.

वयाबरोबर बॅटचा वेग जरा उतरला, तर तोच चेंडू गाठायला फलंदाजाला बॅट आधी सोडावी लागते. म्हणजे निर्णय आधी, चेंडू कमी बघून. तेवढ्यात सरळ येणारा वाटलेला चेंडू शेवटच्या दहा फुटांत खाली किंवा बाहेर वळतो आणि बॅट हवेत फिरते. म्हणूनच म्हातारा फटकेबाज वेगवान चेंडूवर बाद होतोय असं कागदावर दिसत नाही. तो वळणाऱ्या चेंडूंवर फसताना दिसतो. दुखणं वेगवान चेंडूचंच असतं, नुसतं दुसऱ्या खात्यावर मांडलं जातं.

करारापूर्वी तपासायच्या गोष्टी अशा. पहिली, बॅटचा वेग. २०२४ पासून हे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात. सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास असते आणि ७५ च्या वरचा फटका वेगवान धरतात. श्वार्बरची सरासरीच ७५ च्या वर आहे, म्हणून त्याला खाली यायला जागा आहे. ७२ वर असलेल्या पस्तिशीतल्या माणसाला ती नसते. दुसरी, ९५ मैलांच्या वरच्या चेंडूंवर तो किती वेळा हुकतो, तेही तीन वर्षांचं शेजारी शेजारी मांडून. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये, त्यात मनगट दुखावलेला महिना मिसळलेला असतो. तिसरी, पट्ट्याबाहेरच्या (मारण्याजोग्या चौकटीबाहेरच्या) चेंडूवर बॅट फिरवण्याचं प्रमाण वाढतंय का. चौथी म्हणजे पाय. तळपायाची शीर, घोट्यामागचा स्नायुबंध, मांडीच्या शिरा. फटक्याची ताकद जमिनीतून वर येते. टाच दुखणारा फलंदाज मागच्या पायावर भार घेत नाही, मग जो चेंडू कुंपणापार जायचा तो कुंपणाशी झेलला जातो.

सरासरीकडे मात्र फार बघू नका. २०२३ मध्ये श्वार्बरची फलंदाजीची सरासरी ०.१९७ (हजार संधींत १९७ यशस्वी फटके) होती, तरी होम रन ४७.

बँकेत नोकरी केल्यामुळे आकडे मांडून बघायची सवय आहे. हा व्यवहार कागदावर कसा मांडायचा? मध्येच दुखापत झाली तर पैसे बुडाले का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

एकक आहे ‘विजय’. हाताशी सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूऐवजी हा माणूस खेळला तर संघाचे वर्षाला किती सामने जास्त जिंकून होतात, तो आकडा. खुल्या बाजारात अशा एका विजयाचा भाव विश्लेषक ८० लाख ते १ कोटी डॉलर धरतात. तिशी ओलांडल्यावर खेळाडू दरवर्षी अर्धा विजय गमावतो, हा ठोकताळा.

समजा पहिल्या वर्षी त्याच्याकडून ४ विजय मिळतील. मग ४, ३.५, ३, २.५, २ असे पाच वर्षांत १५ विजय. मुदत आठ वर्षं केली तर पुढची भर १.५, १ आणि ०.५, म्हणजे एकूण १८. वर्षाला ३ कोटी डॉलर पगार धरा. पाच वर्षांचे १५ कोटी, विजय १ कोटीला पडला. आठ वर्षांचे २४ कोटी, विजय १ कोटी ३३ लाखांना. आणि तीनच वर्षं, पण वर्षाला ३.४ कोटी दिले, तर १०.२ कोटींत १०.५ विजय, म्हणजे प्रत्येकी ९७ लाख. दर वाढवला तरी स्वस्त पडलं. वयस्क खेळाडूशी बोलणी करताना पगारावर कमी घासाघीस करावी आणि मुदतीवर जास्त, ती यामुळे. बरेच क्लब नेमकं उलटं करतात, कारण वर्तमानपत्रात वर्षाचा आकडा मोठा दिसला की त्यांना लाज वाटते.

तरी लांब मुदत देतात, त्यात एक मेख आहे. लीगने पगारखर्चाची एक रेषा आखलेली आहे. २०२६ साठी ती २४.४ कोटी डॉलर. ती ओलांडली की वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्यापासून ५० टक्के कर. फार ओलांडली तर अधिभार वेगळा. कर मोजताना त्या वर्षी हातात दिलेला पगार बघत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी बघतात. म्हणून तेच पैसे जास्त वर्षांवर पसरले की सरासरी उतरते आणि कर वाचतो. शेवटची दोन वर्षं हा मग खेळाडूचा पगार राहत नाही, आधी खाल्लेल्या विजयांचे हप्ते होतात. हे समजून-उमजून केलं तर तो वाईट सौदा नव्हे.

दुखापतीचं म्हणाल तर पैसे खेळाडूला मिळतातच. क्लब विमा उतरवू शकतो. प्रिन्स फील्डरला डेट्रॉइटने जानेवारी २०१२ मध्ये नऊ वर्षांसाठी २१.४ कोटी दिले, नंतर तो टेक्सासकडे गेला आणि मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०१६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षीच त्याचा खेळ थांबला. त्याच्या पगाराचा काही भाग विम्याने उचलला. पण विमा अपंगत्वाला असतो, म्हातारपणाला नसतो. चेंडू दिसेनासा झाला म्हणून कोणी दावा मंजूर करत नाही.

आणखी एक कलम वाचायला विसरू नका. ज्याची लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच क्लबात, त्याची संमती असल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येत नाही. म्हणजे ओझं वाटायला लागेपर्यंत ते उतरवण्याचा रस्ताही बंद झालेला असतो.

पैसे पुढे ढकलण्याची वाटही आहे. बॉबी बोनिलाचे ५९ लाख डॉलर देणं न्यूयॉर्क मेट्सने २००० मध्ये टाळलं आणि ८ टक्के व्याजाने पुढे ढकललं. आता २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला सुमारे ११.९ लाख डॉलर जातात. बँकेतल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको.

पुहोल्सला सोडून सेंट लुईसने चूक केली का? – चिकोडी

अजिबात नाही. या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ धडा आहे.

अल्बर्ट पुहोल्स सेंट लुईस कार्डिनल्सकडे अकरा हंगाम खेळला. सरासरी ०.३२८, होम रन ४४५, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २००६ आणि २०११ अशा दोन वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाच्या मालिका) जिंकल्या. डिसेंबर २०११ मध्ये, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. पगार चढता ठेवला. २०१२ मध्ये १.२ कोटी, २०२१ मध्ये ३ कोटी. माणूस उतरत होता आणि पगार चढत होता. २०१३ मध्ये तळपायाच्या दुखण्याने हंगाम ९९ सामन्यांवर आटोपला. मे २०२१ मध्ये एंजल्सने त्याला मोकळं केलं, नेमकं सर्वाधिक पगाराच्या वर्षी. त्या सगळ्या काळात संघ प्लेऑफला एकदाच पोचला, २०१४ मध्ये, आणि तीन सामन्यांत घरी आला.

इकडे कार्डिनल्सनी कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी २.६ कोटींत आणलं. त्याने २०१२ मध्ये ३२ होम रन मारले. शिवाय तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुहोल्स गेल्याच्या भरपाईत नवोदितांच्या निवडीचे हक्क मिळाले. त्यातल्या एकावर त्यांनी मायकेल वाका हा पिचर घेतला. २०१३ च्या नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एकीच्या) अंतिम फेरीत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ वर्ल्ड सिरीजला गेला. (ती बॉस्टनने जिंकली, तो भाग सोडा.)

पुढे २०२२ मध्ये बेचाळिशीचा पुहोल्स एका वर्षासाठी, २५ लाख डॉलरवर, सेंट लुईसला परत आला, २४ होम रन मारले आणि ७०३ वर थांबला. मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. भावनेची किंमत २५ लाख असेल तर जरूर मोजावी.

तुम्ही वयाचा बाऊ करता. डेव्हिड ऑर्टिझ चाळिसाव्या वर्षी काय खेळला ते बघा. – अथणी

बघितलं आहे. २०१६, सरासरी ०.३१५, होम रन ३८, आणून दिलेल्या धावा १२७. नेल्सन क्रूझचंही घ्या: ३४ व्या वर्षापासून चार हंगामांचा ५.७ कोटींचा करार सिॲटलशी, आणि होम रन ४४, ४३, ३९, ३७. पण जत्रेत जिंकून आलेल्या पैलवानांचेच फेटे दिसतात. जे टिकले तेच आपल्याला आठवतात.

न टिकलेलेही मोजा. होजे बाउटिस्टा, टोरंटो, २०१७, वय ३६, सरासरी ०.२०३. ख्रिस डेव्हिस, बाल्टिमोर, सात वर्षांसाठी १६.१ कोटी. तिसऱ्याच वर्षी सरासरी ०.१६८, आणि २०१९ पर्यंत मिळून सलग ५४ वेळा हिटशिवाय (यशस्वी फटक्याविना) परतला. मिगेल कॅब्रेरा तर पिढीतला एक थोर फलंदाज. २०१६ मध्ये ३८ होम रन आणि नंतरच्या सात हंगामांत मिळून ६५.

बाउटिस्टा आणि डेव्हिस या दोघांची घसरण सारखीच वाईट होती. पण टोरंटोचा करार त्या एका वर्षापुरताच होता, त्यामुळे हंगाम संपल्यावर ते मोकळे झाले. बाल्टिमोरला सात वर्षांची बांधिलकी नडली. ऑर्टिझलाही बॉस्टनने उतारवयात छोट्या छोट्या मुदतींवर ठेवलं होतं. तो चाळिशीत चालला हे खरं, पण नसता चालला तरी बॉस्टन बुडालं नसतं.

आणखी एक बदल तुमच्या बाजूचा आहे, तोही सांगतो. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये फक्त फलंदाजी करणारा खेळाडू उतरवता येतो. त्यामुळे म्हाताऱ्याला क्षेत्ररक्षणासाठी फर्स्ट बेसवर उभं करून गुडघे झिजवावे लागत नाहीत. मात्र ती एकच जागा. ती पाच वर्षांसाठी एकाला दिली की कोणा दुखऱ्या खेळाडूला तिथे दोन दिवस विसावा देता येत नाही. शिवाय क्षेत्ररक्षण न करणाऱ्याच्या हिशेबातून वर्षाला दीड-पावणेदोन विजयांइतकी वजावट होते. नुसते होम रन मोजले तर हे ध्यानात येत नाही.

करार संपायला दोन वर्षं असतानाच नवा करार का करतात? – संकेश्वर

भाव वाढेल या धास्तीने. फिलीजनेच हे एकदा भोगलं आहे. रायन हॉवर्डला एप्रिल २०१० मध्ये १२.५ कोटी कबूल केले, तेही २०१२ ते २०१६ या वर्षांसाठी. ऑक्टोबर २०११ मध्ये प्लेऑफचा शेवटचा फटका मारून धावताना त्याच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. नवा करार तेव्हा सुरूही झाला नव्हता. कॅब्रेराचाही करार मार्च २०१४ मधला, लागू २०१६ पासून. वयस्क खेळाडूच्या बाबतीत थांबण्याला किंमत असते, प्रत्येक हंगाम नवी माहिती देतो. लावण उभी असताना निडव्याचा भाव ठरवू नये. श्वार्बरच्या वेळी मात्र फिलीजनी जुना करार संपू दिला, हे चांगलं केलं.

आमच्या टेनिसबॉल क्रिकेट संघात छत्तीस वर्षांचा एक जण आहे, मारतो ते गावाबाहेर. तीन मोसमांसाठी पैसे देऊन बांधून घ्यावा का? – खेळाडू, हुक्केरी तालुका

नको. स्पर्धेगणिक ठरवा, थोडे जास्त द्या. आयपीएलमध्येही क्लब हंगामानंतर खेळाडू सोडू शकतो. चेन्नईने धोनीला २०२५ साठी चार कोटींत ठेवलं, तेही अनेक वर्षांसाठी बांधून घेऊन नव्हे. आणि पैसे देण्याआधी त्याला तुमच्या सर्वांत वेगवान पोराकडून छातीच्या उंचीवर वीस चेंडू टाकून बघा. षटकार मोजू नका. बॅट उशिरा येऊन किती चेंडू यष्टिरक्षकाच्या मागे उडतात, ते मोजा.

फिलीजचा सामना इथून बघायचा तर किती वाजता उठावं, आणि श्वार्बर उतरतोय हे नवख्याला कसं कळेल? – गृहिणी, टिळकवाडी

फिलाडेल्फियात संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना उन्हाळ्याच्या वेळेनुसार आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागतो. श्वार्बर बरेचदा पहिल्या दोन-तीन फलंदाजांतच येतो, त्यामुळे चहा आधी ठेवा.

तो डावखुरा आहे. वेगवान चेंडू वेळेत गाठला तर त्याचा फटका उजव्या मैदानाकडे जातो. तोच चेंडू पुन्हा पुन्हा बॅटची कड घेऊन डावीकडच्या, म्हणजे थर्ड बेसच्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊ लागला तर बॅट उशिरा येते आहे. एखाद्या दिवसाचं मनावर घेऊ नका. एप्रिलमध्ये थंडीने सगळेच जड असतात. मे अखेरपर्यंत तसंच दिसलं तर खानापूरच्या सरांना कळवा, पुतण्याला फोन लावायला त्यांना कारण मिळेल.